आयसीयूनंतरचा मुक्काम : व्हेंटिलेटर सुटतो कसा आणि माणूस पुन्हा उभा राहतो कसा

अमेरिकेत आईवडील मोठ्या आजाराने आयसीयूत असले आणि दोन-तीन आठवडे उलटले, की घरच्यांना हॉस्पिटलच्या केस मॅनेजरचा फोन येतो. पेशंट आता स्थिर आहे, पण व्हेंटिलेटर सुटत नाहीये, तेव्हा त्यांना 'एलटॅक'मध्ये हलवू या, दोन-तीन नावं देते, उद्यापर्यंत एक निवडा. एलटॅक म्हणजे लाँग-टर्म अक्यूट केअर हॉस्पिटल. नाव कधी ऐकलेलं नसतं. काहींना वाटतं, बरं झालं, आयसीयूतून सुटका झाली. काहींना वाटतं, डॉक्टरांनी हात टेकले. दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि दोन्हींमुळे पुढचे निर्णय बिघडतात. म्हणून तिथे नेमकं काय काम चालतं ते नीट समजून घेऊ.

आधी हा प्रकार मुळात काय आहे ते. मेडिकेअर ही पासष्टीपुढच्या लोकांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना. तिच्या नियमानुसार ज्या हॉस्पिटलात पेशंटचा सरासरी मुक्काम २५ दिवसांहून जास्त असतो, ते या वर्गात मोडतं. याला कारण पैशांच्या हिशेबाचं आहे. १९८३ पासून मेडिकेअर नेहमीच्या हॉस्पिटलांना आजारानुसार ठरावीक रक्कम देते, पेशंट किती दिवस राहिला यावर ती फारशी अवलंबून नसते. त्यामुळे लांबत जाणारा पेशंट साध्या हॉस्पिटलला परवडत नाही. लांब मुक्कामाच्या हॉस्पिटलांना या पद्धतीतून वगळलं होतं, पुढे २००२ मध्ये त्यांच्यासाठी वेगळे दर ठरवले गेले. २०१५ पासून आणखी एक अट आली : पेशंट आधी किमान ३ दिवस आयसीयूत असला पाहिजे, किंवा एलटॅकमध्ये त्याला ९६ तासांहून जास्त व्हेंटिलेटर लागला पाहिजे, तरच पूर्ण दर मिळतो. एलटॅक सगळीकडे नाहीत. टेक्सास, लुइझियानात भरपूर, तर काही राज्यांत शोधून सापडत नाहीत. त्यामुळे कधी कधी घरापासून दोन तासांवरचं ठिकाण सुचवलं जातं, तेव्हा त्यात कुणाचा हलगर्जीपणा असतोच असं नाही.

मग थेट रिहॅबला, म्हणजे पुनर्वसन हॉस्पिटलात, का पाठवत नाहीत? तिथे दाखल व्हायला साधारणपणे रोज ३ तास, आठवड्यातून ५ दिवस थेरपी झेपायला हवी. ज्याला पलंगावर कूस बदलताना धाप लागते त्याला हे जमणार नाही. आणि नर्सिंग होम म्हणजे अमेरिकेत आपल्याकडच्यासारखं छोटं हॉस्पिटल नव्हे, तर अशक्त माणसांची देखभाल करणारं ठिकाण, तिथे डॉक्टर रोज येत नाहीत. एलटॅकमध्ये डॉक्टर रोज येतात, श्वासाचे उपचार पाहणारे रेस्पिरेटरी थेरपिस्ट चोवीस तास असतात, रक्त चढवणं, शिरेतून अँटिबायोटिक, डायलिसिस हे सगळं तिथे होतं. ते खरंखुरं हॉस्पिटलच आहे, फक्त त्याची चाल संथ आहे.

पलंगावर शरीराचं काय होतं

समजा, न्यू जर्सीत वीस-पंचवीस वर्षं राहिलेल्या सत्तरीतल्या एक काकू आहेत. न्यूमोनिया झाला, जंतुसंसर्ग रक्तात पसरला, व्हेंटिलेटर लागला. औषधांनी संसर्ग आटोक्यात आला. एक्स-रे सुधारला, ताप गेला. मुलगा विचारतो, आजार गेला ना, मग आई उठत का नाही?

कारण आता मूळ आजाराच्या जागी दुसरंच एक दुखणं आलेलं असतं. गंभीर आजारात शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं. लंडनमधल्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये सोनोग्राफीने मांडीचा स्नायू मोजून दाखवलं, की आयसीयूतल्या पहिल्या दहा दिवसांत त्याच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ जवळजवळ १८ टक्क्यांनी घटतं. तेही पोषण चालू असताना. प्लॅस्टर काढल्यावर पाय कसा बारीक झालेला दिसतो, तसं इथे सगळ्या अंगाचं झालेलं असतं, आणि त्यात श्वास घेणारे स्नायूही आले. छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल हा जन्मल्यापासून एक क्षण न थांबता काम करणारा स्नायू. त्याचं सगळं काम व्हेंटिलेटरने हाती घेतलं, की त्याला बसून राहायची सवय नसल्याने तो झपाट्याने झडतो. २००८ मध्ये अमेरिकेत मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे तुकडे तपासले गेले. जेमतेम १८ ते ६९ तास व्हेंटिलेटरवर असलेल्यांच्या स्नायूंचे तंतू निम्म्याहून बारीक झाले होते. काकूंचे तर तीन आठवडे गेले आहेत.

हे एकदा कळलं, की पुढचं बरंच समजतं. काकू आळस करत नाहीत, त्यांनी धीर सोडलेला नाही. हात उचलायला लागतो तो स्नायूच शिल्लक नाही. 'आई, जरा मनावर घे' हे वाक्य घरचे प्रेमाने म्हणतात, पण ते पेशंटला फार लागतं. मला विचाराल, तर ते तोंडातून काढूच नये.

व्हेंटिलेटर सोडवणं

काकूंच्या गळ्याला पुढच्या बाजूने छोटं छिद्र करून त्यातून थेट श्वासनलिकेत नळी घातलेली असते. याला ट्रेकिओस्टॉमी म्हणतात, बोलताना सगळे 'ट्रेक' म्हणतात. तोंडातून घातलेली नळी फार दिवस ठेवता येत नाही, ती बोचते, त्यामुळे झोपेचं औषध चालू ठेवावं लागतं. गळ्यातली नळी त्या मानाने सुसह्य असते. पेशंट जागा राहू शकतो आणि व्यायाम सुरू करता येतो. गळ्याला भोक पाडायचं ऐकून घरच्यांच्या पोटात गोळा येतो, ते साहजिक आहे. पण पुढच्या सुधारणेची वाट बहुतेक वेळा इथूनच जाते.

आता रोजचं काम. सकाळी रेस्पिरेटरी थेरपिस्ट येतात. रात्री झोप झाली का, ताप आहे का, कफ किती आहे, नाडी-रक्तदाब कसा, हे पाहतात. सगळं ठीक असेल तर व्हेंटिलेटरची नळी काढतात आणि ट्रेकच्या तोंडाशी एक सैल प्लॅस्टिकची वाटी बांधतात. तिच्यातून ओलसर ऑक्सिजन येतो. हा झाला ट्रेक कॉलर. आता श्वास काकूंचा स्वतःचा. थेरपिस्ट शेजारी उभे राहून श्वास मोजतात. मिनिटाला ३५ च्या पुढे जायला लागला, मानेचे स्नायू ताणले जायला लागले, घाम फुटला, की परत मशीन. पहिल्या दिवशी कदाचित वीस मिनिटंच जमेल. दुसऱ्या दिवशी दोन तास. तिसऱ्या दिवशी पुन्हा अर्धाच तास, कारण रात्री जुलाब झाले. रात्री बहुधा मशीनवरच ठेवतात, स्नायूला विश्रांती मिळावी म्हणून.

दुसरी पद्धतही आहे. मशीन चालूच ठेवायचं आणि त्याचा आधार रोज थोडा थोडा कमी करायचा. या दोन पद्धतींची तुलना इलिनॉयमधल्या एका एलटॅकमध्ये झाली, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. तिथे ट्रेक असलेल्या ५०० पेशंटांना आधी सरळ मशीनविना श्वास घेऊ दिला. त्यातल्या सुमारे एक-तृतीयांश लोकांना मशीन लागलंच नाही. आजमावून पाहिल्यावरच ते कळलं. उरलेल्यांपैकी ट्रेक कॉलरच्या गटाला मशीन सुटायला साधारण १५ दिवस लागले, आधार कमी करत नेलेल्या गटाला १९.

घरच्यांनी यातून घ्यायचं ते असं : रोज 'आज कॉलरवर किती तास होत्या?' एवढंच विचारायचं आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवायचं. एका दिवसाच्या आकड्यावरून काही ठरत नाही. आठवड्याचे आकडे एकाखाली एक पाहिले, की वर चाललंय की जागच्या जागी आहे ते दिसतं. चार-पाच दिवस प्रयत्नच झाला नसेल, तर कारण विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कधी कारण खरंच असतं, कधी सुट्टीच्या दिवसांत माणसं कमी असतात.

आवाज आणि घास

ट्रेक असताना श्वास गळ्यातल्या नळीतून येतो-जातो, स्वरतंतूंपर्यंत हवा पोचतच नाही. त्यामुळे ओठ हलतात, आवाज नाही. घरच्यांना हे पाहवत नाही आणि पेशंटला त्याहून जास्त त्रास होतो. यावरचा एक उपाय एका पेशंटनेच शोधला आहे. डेव्हिड म्यूर हा अमेरिकन तरुण स्नायूंच्या आजारामुळे व्हेंटिलेटरवर होता. १९८० च्या दशकात त्याने एकाच दिशेने उघडणारी एक झडप तयार केली. ती आज पासी-म्यूर व्हॉल्व्ह म्हणून जगभर वापरतात. अंगठ्याच्या पेराएवढी वस्तू आहे.

ती लावताना पाहण्यासारखी असते. थेरपिस्ट आधी नळीतला कफ ओढून काढतात. नळीच्या बाहेरून एक छोटा फुगा असतो, तो फुगलेला असेल तर हवा बाजूने वर जाऊ शकत नाही. सिरिंजने त्या फुग्यातली सगळी हवा काढतात. मग झडप बसवतात. श्वास आत येतो तो झडपेतून, आणि बाहेर जाताना झडप बंद होते, म्हणून हवेला वरचा रस्ता धरावा लागतो, स्वरतंतूंमधून, तोंडातून. पहिल्यांदा नुसता खोकला येतो. मग घोगरं काहीतरी. मग एखादा शब्द. काही आठवड्यांनी स्वतःचाच आवाज कानावर पडल्यावर पेशंट रडतात, नर्सही रडतात. फुगा फुगलेला असताना ही झडप कधीही लावायची नाही, श्वास आत जाईल पण बाहेर येणार नाही. घरच्यांनी परस्पर हात लावू नये अशी जी दोन-तीन कामं आहेत, त्यातलं हे एक.

दुसरं म्हणजे खाणं. इतके दिवस नळी घशात राहिल्याने गिळण्याचे स्नायू ढिले पडतात आणि घास किंवा पाणी फुप्फुसात उतरतं. ते उतरताना कित्येकदा ठसकाही लागत नाही, म्हणून अधिक धोक्याचं. स्पीच थेरपिस्ट नाकातून बारीक कॅमेरा घालून, किंवा एक्स-रेखाली बेरियम गिळायला लावून तपासतात. सुरुवात बर्फाच्या चुऱ्याने होते. तोवर पोटातल्या नळीने अन्न दिलं जातं. आपल्याकडे आजारी माणसाला मऊ भात आणि वरणाचं पाणी चमच्याने भरवणं हा प्रेमाचा पहिला मार्ग, आणि दोन आठवडे काही खाल्लं नाही म्हणून जीव तुटतो. तरी तपासणी होईपर्यंत नाहीच. एका चमच्याने झालेला न्यूमोनिया काकूंना पुन्हा पहिल्या दिवसावर नेऊन ठेवतो. तपासणी झाल्यावर मात्र घरचं पातळ-घट्ट कसं करून आणायचं हे थेरपिस्टलाच विचारावं, ते आनंदाने सांगतात.

उठून बसणं

फिजिओथेरपीची सुरुवात पलंगाच्या कडेला बसण्यापासून होते. दोन माणसं आधार देतात, एक जण नळ्या आणि मशीन सांभाळतो. बसवलं की रक्तदाब खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. दोन मिनिटं बसून परत झोपवतात. दोन मिनिटं म्हणजे काही नाही असं बघणाऱ्याला वाटतं. पण त्या दोन मिनिटांत मान सावरायची असते, पाठ धरायची असते, तोल राखायचा असतो. व्हेंटिलेटर चालू असतानाही हे करता येतं. शिकागो आणि आयोवाच्या विद्यापीठ हॉस्पिटलांत १०४ पेशंटांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मशीनवर असतानाच लवकर व्यायाम सुरू केलेल्यांपैकी ५९ टक्के लोक हॉस्पिटलातून निघताना आपली कामं आपण करू शकत होते, दुसऱ्या गटातले ३५ टक्के.

ऑक्युपेशनल थेरपिस्टचं काम आणखी वेगळं. कंगवा हातात धरून केस विंचरणं, तोंड पुसणं, चष्मा स्वतः लावणं. कंगवा डोक्यापर्यंत नेणं हा खांद्याचा मोठा व्यायाम आहे. तेव्हा तुम्ही प्रेमाने आईची वेणी घालून देण्याआधी तिला स्वतःला दोनदा कंगवा फिरवू द्या. आणि घरून येताना बंद, न घसरणारे बूट आणा. आपले लोक सपाता घेऊन येतात, त्यात उभं करता येत नाही.

मन आणि भाषा

आयसीयूतून आलेले पुष्कळ पेशंट भ्रमिष्टासारखे वागतात. भिंतीवर माणसं दिसतात, नर्स आपल्याला मारायला आली आहे असं वाटतं, नळ्या उपसतात. याला डिलिरियम म्हणतात आणि ते वेड नव्हे. औषधं, संसर्ग, झोपेचा सत्यानाश यांतून ते येतं आणि बहुतेकदा ओसरतं. दिवसा पडदे उघडे, रात्री अंधार, चष्मा डोळ्यांवर, कानाचं यंत्र कानात, कवळी तोंडात, भिंतीवर मोठ्या अक्षरांत तारीख. इतकं साधं, आणि इतकं परिणामकारक.

पण काकूंच्या बाबतीत भाषेचा प्रश्न मोठा. पंचवीस वर्षं इंग्रजीत व्यवहार केलेला माणूसही अशा अवस्थेत बरेचदा मराठीतच बोलतो. 'कूस बदला' हे नर्सला कळलं नाही, की नोंद होते : पेशंट सूचना पाळत नाही. तिथून पुढे थेरपीचा वेळच कमी होतो. अमेरिकेत सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलला दुभाष्या फुकट द्यावा लागतो, १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापासून ही जबाबदारी आहे. मराठीचा दुभाष्या फोनवर किंवा व्हिडिओवर मिळू शकतो. 'हिंदी चालेल' असं आपणच सांगून टाकू नये. शिवाय पलंगाशी एक कागद चिकटवा : दुखतंय, कफ, पाणी, थंडी, शू, कूस, बस, पुरे. मराठी शब्द इंग्रजी लिपीत आणि पुढे अर्थ. नर्स ते दोन दिवसांत शिकतात. वाचता येत असेल तर काकूंसाठी मराठीत दुसरा कागद, बोट ठेवून दाखवायला.

बेडसोरचं, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांचं, थोडक्यात सांगतो. दर दोन तासांनी कूस बदलली जातेय का ते पाहा, टाचा आणि माकडहाड स्वतः डोळ्यांनी बघायला मागा. या हॉस्पिटलांत औषधांना न जुमानणारे जंतू जास्त आढळतात. गाऊन, ग्लोव्हज घालायला सांगितले तर घाला, आणि जुलाब करणारा सी-डिफ नावाचा जंतू असेल तर सॅनिटायझर पुरत नाही, साबण-पाणीच हवं.

खरं बोलायचं तर

आता अवघड भाग. इलिनॉयच्या त्याच अभ्यासात, ज्यांना मशीन लगेच सोडता आलं नाही अशा पेशंटांपैकी निम्म्याहून थोडे अधिक सहा महिन्यांत दगावले. हे घरच्यांना दाखल करताना क्वचितच कुणी सांगतं. मला हे गप्प राहणं पटत नाही. हा आकडा तुमच्या आईचं भविष्य सांगत नाही : वय, आधीचं हृदय-फुप्फुस-किडनी, आजारापूर्वी किती चालत-फिरत होत्या, यावर फार फरक पडतो. पण माहीत असेल तर प्रश्न विचारता येतात. या मुक्कामाचं उद्दिष्ट काय? मशीन सुटणं, की जखम भरणं, की दोन्ही? तीन आठवड्यांत काय दिसलं तर आपण बरोबर चाललोय असं म्हणायचं? आणि नाही दिसलं तर? पॅलिएटिव्ह केअरची टीम याच वेळी बोलवावी. ती टीम उपचार बंद करायला येत नाही. त्रास कमी करणं आणि काकूंना स्वतःला काय हवंय ते ऐकणं हे तिचं काम, आणि ते उपचारांबरोबरच चालतं. आवाज परत आला असेल तर हा प्रश्न त्यांनाच विचारा. मुलांनी दाराबाहेर कुजबुजत ठरवू नये.

पैशांचं सांगायचं, तर मूळ (खासगी कंपनीमार्फत न घेतलेलं, थेट सरकारी) मेडिकेअर असेल आणि एलटॅकचा मुक्काम आधीच्या हॉस्पिटलला लागूनच असेल, तर दोन्हींचे दिवस एकत्र मोजले जातात. सुरुवातीची ठरावीक रक्कम (डिडक्टिबल) आपण भरली, की पहिले ६० दिवस रोजचा भार नाही, ६१ ते ९० रोज काही रक्कम भरावी लागते, त्यानंतर आयुष्यभरात मिळून ६० राखीव दिवस. हे दिवस किती उरलेत ते पहिल्याच आठवड्यात विचारा. मुलांकडे भेटीला आलेल्या पालकांना मेडिकेअर नसतं, आणि ग्रीन कार्ड असलं तरी आधी सलग ५ वर्षांचं वास्तव्य लागतं. व्हिजिटर विम्याला मर्यादा असते. तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत, पण एलटॅकमधला प्रवेश तातडीत मोडत नाही. अशा वेळी पेशंट प्रवास करण्याइतपत स्थिर झाला, की भारतात नेण्याचा विचार बरीच कुटुंबं करतात. भारतात हॉस्पिटलांचा असा स्वतंत्र सरकारी वर्ग नाही. आयसीयूतून वॉर्ड आणि वॉर्डातून घर, असा सरळ रस्ता. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासूनची केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, मोठ्या शहरांत आता खासगी पुनर्वसन केंद्रंही निघाली आहेत. व्हेंटिलेटर घेतील का, हे आधी स्पष्ट विचारून घ्यावं लागतं.

एलटॅकमधून बहुतेक जण थेट घरी जात नाहीत. मशीन सुटलं, तासभर बसता यायला लागलं, की रिहॅब किंवा नर्सिंग होम. डिस्चार्ज फार लवकर होतोय असं वाटलं, तर मेडिकेअरकडे अपील करता येतं. त्याची नोटीस हॉस्पिटलने द्यायची असते, आणि अपील डिस्चार्जच्या दिवसापर्यंत करावं लागतं.

ट्रेक ठेवूनच घरी जायचं ठरलं, तर घरातल्या किमान दोन माणसांना कफ ओढणं आणि नळीची सफाई शिकवतात. नर्सने करून दाखवलेलं नुसतं पाहून समाधान मानू नका. त्यांच्यादेखत स्वतःच्या हाताने करा, रात्रीच्या वेळेलाही करा. पलंगाशी दोन जादा नळ्या कायम हव्यात, एक त्याच मापाची आणि एक लहान. नळी कायमची निघाली, तर गळ्यातलं छिद्र साधारणपणे काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप बुजतं. आणि डिस्चार्जच्या आठवडाभर आधी घरातल्या दारांची रुंदी मोजून, बाथरूमचे आणि पायऱ्यांचे फोटो काढून थेरपिस्टला दाखवा, म्हणजे व्हीलचेअर कुठली, कमोडला दांडा कुठल्या बाजूला, हे सगळं काकू हॉस्पिटलात असतानाच ठरतं आणि त्याचा सरावही तिथेच होतो.